दव झाडणारी काठी

मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमाराला बाबा वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायला घ्यायचे. एक बादली, एक टिनाचा डबा, आणि बाबांचं मनगट. डबा भरून भसकन ओतला की पाणी ताटीवरून घरंगळून खाली जातं आणि ओटा नुसता चिखलाचा होतो. बाबा डबा तिरपा धरून मनगटाला असा काही झटका द्यायचे की पाण्याची चादर व्हायची आणि ताटीवर थेंब थेंब बसायचा. मग आतल्या खोलीत तो वास शिरायचा. नागपूरच्या पंचेचाळीस डिग्रीत ज्यानं तो वास घेतला आहे, त्याला पुढचं सांगायची गरज नाही.

बाबा रेल्वेच्या अधिकारी विश्रामगृहात खानसामा होते. मोतीबागेकडच्या भागात आमचं क्वार्टर होतं. कागदावर दक्षिण पूर्व रेल्वे, पण वस्तीत सगळे जण तिला बीएनआरच म्हणायचे. बंगाल नागपूर रेल्वे ही कंपनी १८८७ साली स्थापन झाली, आणि स्वातंत्र्यानंतर तिचं नाव जाऊनही कितीतरी वर्षं लोकांच्या तोंडून गेलं नाही. कुठल्या तरी दूरच्या कंपनीच्या नावात आपल्या गावाचं नाव आहे, याचा लहानपणी मला फार अभिमान वाटायचा.

बाबा संत्रं ज्या पद्धतीनं वाढायचे, ते मी नंतर कुठेच पाहिलं नाही. साल काढली, फोडी सुट्या केल्या, इथवर सगळेच करतात. बाबा फोडीवरची पांढरी शीर न् शीर काढायचे, फोडीची पाठ नखानं अलगद उकलून बिया बाहेर घ्यायचे आणि फोड पुन्हा मिटवून बशीत गोल मांडायचे. एका बशीला दहा मिनिटं. मी एकदा विचारलं, एवढं कशाला, साहेब काय स्वतः बिया थुंकू शकत नाही? बाबा म्हणाले, "पाहुणा थकून येते बेटा. त्याले काई मांगाची पाळी नाई आली पाहिजे."

१९७४ साली आम्ही पासवर पुरीला गेलो. जगन्नाथाचं दर्शन झालं, समुद्र झाला. तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, चला, आमचं हॉटेल दाखवतो. आमचं म्हणजे रेल्वेचं. बीएनआरनं पुरीला १९२५ साली सुरू केलेलं हॉटेल. तिथल्या एका म्हाताऱ्या बेअररशी बाबांची जुनी ओळख होती. त्यानं आम्हाला मागच्या दारानं नेऊन भोजनगृह दाखवलं. पांढरे टेबलक्लॉथ, समुद्राकडचा लांब व्हरांडा, वेताच्या खुर्च्या. मी अकरा वर्षांचा होतो. मला प्रश्न पडला की गाड्या चालवणाऱ्यांनी हॉटेल काहून बांधलं असेल? बाबांचं उत्तर मला शब्दन् शब्द आठवतं. "गाडी तं स्टेशनावर सोडून देते. पण माणूस अजून रस्त्यावरच असते ना."

हे सगळं आता लिहायचं कारण म्हणजे स्कॉटलंडमधलं एक हॉटेल.

माझी साठी आली तेव्हा घरात शांतीची बोलणी सुरू झाली. भटजी, हॉल, केटरर. माझ्या मनात ते काही नव्हतं. आमची मुक्ता हॉटेल मॅनेजमेंट शिकून एडिंबराला नोकरी करते. तिनं फोनवर सांगितलं, "बाबा, शांतीचा खर्च मला द्या आणि तुम्ही दोघं इकडे या. एक रात्र मी तुम्हाला अशा जागी ठेवते की आजोबांना आवडली असती." ती जागा ग्लेनईगल्स. पर्थशायर परगण्यात, ओकिल टेकड्यांच्या कुशीत, साडेआठशे एकरांवर पसरलेलं, गोल्फसाठी जगभर नावाजलेलं हॉटेल. आम्हा दोघांना गोल्फची काठी कशी धरतात तेही माहीत नाही. मी मुक्ताला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "ते रेल्वेनं बांधलंय, बाबा." मग मी काही बोललो नाही.

जूनमध्ये गेलो. ग्लेनईगल्स याच नावाचं छोटंसं स्टेशन आहे. आधी ते क्रीफ जंक्शन होतं, १९१२ साली नाव बदललं. लंडनहून इन्व्हर्नेसला जाणारी रात्रीची गाडी आजही इथे थांबते. नावात ईगल्स आहे म्हणून मी आकाशात गरुड शोधत होतो, पण मुळात हे नाव स्थानिक गेलिक भाषेतल्या 'चर्च' या अर्थाच्या शब्दावरून आलं असं मानतात. जवळचं गाव ऑख्टरार्डर. एकच लांबलचक रस्ता आणि दोन्ही बाजूंना घरं, म्हणून त्याला तिथले लोक लांब गावच म्हणतात. आपल्याकडे हमरस्त्यावरची कितीतरी गावं अशीच असतात.

या हॉटेलची कल्पना डोनाल्ड मॅथेसन यांची. ते कॅलेडोनियन रेल्वेचे जनरल मॅनेजर होते, मूळचे इंजिनिअर. १९१० साली या भागात सुट्टीला आले असताना त्यांना वाटलं की इथे एक मोठं हॉटेल आणि गोल्फची मैदानं झाली तर शहरातले लोक आगगाडीनं इथवर येतील. धंद्याचा हिशोब त्यात होताच. रूळ टाकलेत, डबे आहेत, तिकिटं खपली पाहिजेत, आणि त्यासाठी रुळाच्या त्या टोकाला माणसाला ओढून नेणारं काहीतरी हवं. पण नुसता हिशोब असता तर स्टेशनाजवळ एखादी खानावळ पुरली असती. मॅथेसन यांनी आधी माळ निवडला, टेकड्यांची रेघ पाहिली आणि मग इमारतीचा विचार केला. हे मला त्या मैदानात उभं राहिल्यावर कळलं.

पहिल्या महायुद्धानं बांधकाम रखडलं. मैदानं मात्र १९१९ साली खुली झाली, किंग्ज कोर्स आणि क्वीन्स कोर्स. म्हणजे इथे पाहुण्यांच्या खोल्यांच्या पाच वर्षं आधी गवत तयार होतं. तोवर इंग्लंड-स्कॉटलंडच्या रेल्वे कंपन्यांचं १९२३ साली एकत्रीकरण झालं, कॅलेडोनियन रेल्वे एका मोठ्या कंपनीत विलीन झाली, आणि ज्या कंपनीनं स्वप्न पाहिलं तिचं नाव पाटीवर यायच्या आतच पुसलं गेलं. हॉटेल उघडलं जून १९२४ मध्ये. त्या रात्री हेन्री हॉल यांच्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम बीबीसीनं तिथून थेट रेडिओवर ऐकवला. घराघरांत कानाला हेडफोन लावून बसलेल्या लोकांना डोंगरातल्या त्या दिवाणखान्यातलं नाचाचं संगीत ऐकू आलं.

आपल्या नागपूर स्टेशनच्या सध्याच्या दगडी इमारतीचं उद्घाटन १९२५ च्या जानेवारीत झालं. ग्लेनईगल्स १९२४, नागपूर स्टेशन आणि पुरीचं हॉटेल १९२५. दीड-दोन वर्षांत ही तिन्ही उभी राहिली. रेल्वेवाल्यांचा तो काळच तसा असावा, दगडात बांधायचा आणि शंभर वर्षांचं बांधायचा.

किंग्ज आणि क्वीन्स ही मैदानं आखली जेम्स ब्रेड यांनी. हा मनुष्य फाइफच्या किनाऱ्यावरच्या खेड्यातला, धंद्यानं सुतार. पुढे ब्रिटिश ओपन पाच वेळा जिंकला, १९०१ ते १९१० या दहा वर्षांत. खेळ संपल्यावर आयुष्यभर मैदानं आखत राहिला. सुतारानं आखलेलं मैदान म्हटल्यावर मी जरा जवळून पाहिलं, आणि खरंच, जमिनीच्या उंचवट्याला कुठे जबरदस्ती केलेली नाही. लाकडाचा रेषा पाहून रंधा मारावा तसं ते आहे.

तिथे मैदानाच्या प्रत्येक टप्प्याला, म्हणजे होलला, नाव आहे, स्कॉट बोलीतलं. किंग्ज कोर्सवरच्या पाचव्याचं नाव हेट गर्डल. अर्थ विचारला तर आमच्याबरोबर फिरणारा कॅडी, म्हणजे खेळणाऱ्यांच्या काठ्या वाहणारा मदतनीस, म्हणाला, गरम लोखंडी पाटा, ज्यावर आमच्या आज्या पोळीसारखं काही भाजायच्या. बायको पटकन म्हणाली, "तवा!" होय, तवाच. तापलेला तवा. हिरवळ उंचवट्यावर आहे, वर पसरट आणि चहूबाजूंनी उतरती. चेंडू तिच्यावर पडला आणि जरा चुकला की तव्यावरच्या पाण्याच्या थेंबासारखा तडतडत बाजूला जातो. ते ऐकून बायकोला एकदम गोल्फ समजला. त्यानंतर ती प्रत्येक खेळणाऱ्याचा चेंडू कुठे पडतो ते बघत उभी राहायला लागली आणि मला तिला ओढून न्यावं लागलं.

तिसरं मोठं मैदान अमेरिकन खेळाडू जॅक निकलस यांनी आखलेलं, १९९३ चं. त्याच्यावर २०१४ च्या सप्टेंबरात युरोप आणि अमेरिका यांच्यातला रायडर कप झाला, युरोपनं साडेसोळा-साडेअकरा असा जिंकला. या स्पर्धेचं बीजही इथेच पेरलं गेलं म्हणायला हरकत नाही, कारण रायडर कप सुरू होण्याच्या आधी, १९२१ साली, ब्रिटिश आणि अमेरिकन व्यावसायिक खेळाडूंचा सामना याच ग्लेनईगल्सवर झाला होता.

बाकी सोयी भरपूर आहेत. पोहण्याचा तलाव, स्पा, घोडेस्वारी, नेमबाजी, बहिरी ससाणे हातावर बसवायला शिकवणारी शाळा. शिकारी कुत्र्यांना शिकवायची एक वेगळी शाळा आहे, तिथली काळी लॅब्राडोर कुत्री शीळ ऐकून ज्या विश्वासानं धावत येतात ते बघण्यासारखं. अँड्र्यू फेअरली या स्कॉटिश शेफनं २००१ साली इथे सुरू केलेल्या रेस्टॉरंटला मिशेलिनचे दोन तारे आहेत. फेअरली २०१९ मध्ये वारले, रेस्टॉरंट त्यांच्या शिष्यांनी त्याच नावानं चालू ठेवलं आहे. आम्ही तिथे जेवलो नाही, त्यामुळे त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

आम्ही जेवलो त्याची गोष्ट वेगळी. त्या दिवशी एकादशी होती आणि बायकोचा उपास. मी मनातून धास्तावलो होतो. दुपारी चहाच्या वेळी वाढणाऱ्या मुलीनं विचारलं, काही चालत नाही असं आहे का? बायकोनं आपल्या इंग्रजीत सांगितलं की आज धान्य नाही, कांदा-लसूण नाही, मोहरी-हळद नाही. मुलगी म्हणाली, मग काय चालतं ते सांगा, त्यानं काम सोपं होईल. बटाटा, दही, दूध, फळं, मीठ, मिरची, शेंगदाणे. तिनं सगळं एका छोट्या वहीत उतरवून घेतलं. रात्री आठला आम्ही टेबलावर बसलो तर ती मुलगी नव्हती, तिची पाळी संपली होती, वाढायला दुसराच कोणी होता. पण बायकोपुढे न सांगता उकडलेल्या बटाट्यांची बशी आली, लोण्यावर परतलेले, वर मीठ, मिरचीचे बारीक तुकडे आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचा जाडसर कूट. बाजूला दही. शेवटी फळं. बायको त्या कुटाकडे बघत राहिली. एका माणसानं विचारलेलं दुसऱ्यापर्यंत आणि तिथून भटारखान्यापर्यंत काही न सांडता पोचलं होतं. आपल्या मराठीत याला बडदास्त म्हणतात. मुक्ता म्हणते की हॉटेलच्या धंद्यात याच्यासाठी मोठमोठी पुस्तकं लिहिलेली आहेत. त्यांत बाबांचं ते एक वाक्य असेलच कुठेतरी.

जूनमध्ये तिकडे रात्री दहा वाजून गेले तरी उजेड असतो. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो होतो आणि मी त्या इमारतीच्या खिडक्या मोजत होतो. दुसऱ्या महायुद्धात या खोल्यांतून जखमी सैनिक होते. हॉटेलचं इस्पितळ झालं होतं, आणि नंतर खाणीत जायबंदी झालेल्या कामगारांना पुन्हा उभं करायची जागा. जिथे अमीर-उमराव नाचले त्या दालनांत कोळसा काढणारी माणसं नव्यानं चालायला शिकली. आलिशान हॉटेलांचा इतिहास सांगताना लोक राजेरजवाडे आणि सिनेनट यांची यादी देतात. मला या हॉटेलबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो या खाणकामगारांमुळे. उमरेडच्या, वलनी-सिलेवाड्याच्या खाणींत काम करणाऱ्यांची मुलं माझ्याबरोबर शाळेत होती. त्यांच्या वडिलांपैकी कोणाला पाय मोडल्यावर अशी टेकड्यांसमोरची खिडकी मिळाली असती तर, हा विचार तिथे बसल्यावर टाळता येईना.

आणखी एक गोष्ट. १९७७ च्या जूनमध्ये राष्ट्रकुल देशांचे नेते लंडनच्या परिषदेतून शनिवार-रविवार काढून या हॉटेलात येऊन राहिले, आणि इथे त्यांनी ठरवलं की वर्णभेद पाळणाऱ्या दक्षिण आफ्रिकेशी खेळाचे संबंध ठेवण्यापासून आपापल्या लोकांना परावृत्त करायचं. ग्लेनईगल्स करार म्हणतात तो हाच. आमच्या पिढीनं दक्षिण आफ्रिकेशिवायचं क्रिकेट पाहिलं त्यामागे भारताची त्याच्याही आधीपासूनची भूमिका होती, पण राष्ट्रकुलाचा एकत्र शब्द इथे दिला गेला. २०१० च्या फेब्रुवारीत मी जामठ्याच्या स्टेडियममध्ये होतो. हाशिम अमलानं नाबाद २५३ केल्या. डेल स्टेननं एका डावात सात बळी घेऊन आपल्याला पार झोपवलं, आपण डावानं हरलो. माझ्या शेजारचे सगळे चरफडत होते. मला मात्र दाढीवाल्या, शांत अमलाकडे पाहून राहवेना. ज्याचे आजी-आजोबा गुजरातेतून तिकडे गेले, असा माणूस दक्षिण आफ्रिकेची टोपी घालून आमच्या नागपुरात फलंदाजी करतो आहे. जुन्या नियमांत त्याला त्या संघात जागाच नव्हती. त्या बाकावर बसून मी हे बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, चांगल्या जागी माणसं जरा चांगली वागत असतील.

२००५ च्या जुलैत जी-८ राष्ट्रांची परिषदही इथेच झाली, आपले मनमोहन सिंगही निमंत्रित होते. परिषद चालू असतानाच लंडनमध्ये बाँबस्फोट झाले. मालकीच्या बाबतीत थोडक्यात सांगायचं तर, रेल्वेच्या राष्ट्रीयीकरणानंतर हॉटेल सरकारकडे गेलं, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारनं रेल्वेची हॉटेलं विकली, मग ते मद्य बनवणाऱ्या कंपन्यांच्या हातून फिरत २०१५ साली आजच्या मालकांकडे आलं. १९८२ पर्यंत हे हॉटेल हिवाळ्यात बंद असायचं, त्यानंतर बारमाही झालं.

परत आल्यापासून नागपूरभोवतीच्या नव्या रिसॉर्टांच्या जाहिराती मी वेगळ्या नजरेनं वाचतो. कोणी गोल्फ आणतो म्हणतो, कोणी स्विस कॉटेज. स्कॉटलंडमध्ये हिरवळीला आभाळ पाणी पाजतं. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये टँकरच्या रांगा लागतात, आणि तेव्हा पाव इंचही न वाढू देता राखलेलं गवत हिरवं ठेवायचं तर कोणाच्या तरी तोंडचं पाणी त्याला जाणार. लहानपणी एका छावणीतल्या मैदानावर मी हिरवळीच्या जागी तेल शिंपडून दाबलेली वाळू पाहिली होती, तिला ब्राऊन म्हणायचे. त्या काळच्या लोकांना इथली जमीन समजली होती. विदर्भात मातीच्या जाड भिंती, कडुनिंबाची दाट सावली, वाळ्याच्या ताट्या आणि शिरा काढलेली संत्री असलेलं हॉटेल कोणी काढलं तर मी पदरचे पैसे मोडून तिथे राहीन. मॅथेसन यांनी आपल्या माळाकडे पाहून ठरवलं होतं. आपणही आपल्याच माळाकडे पाहावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

निघायच्या दिवशी पहाटे मला साडेचारलाच जाग आली. बाहेर लख्ख उजाडलं होतं. बायको झोपली होती, मी एकटाच खाली उतरून मैदानाच्या कडेनं चालायला लागलो. अख्ख्या हिरवळीवर दव. जवळून पाहिलं तर गवताच्या प्रत्येक पात्याच्या टोकाला एक थेंब, आणि पाती इतकी आखूड की थेंबांचाच गालिचा वाटावा.

एक मध्यमवयीन माळी हातात लांब, लवचीक काठी घेऊन आला. दोन पुरुषांच्या उंचीएवढी, टोकाकडे बारीक होत गेलेली. हिरवळीच्या कडेला उभं राहून त्यानं ती काठी गवतावरून अर्धवर्तुळात फिरवली. सळ्ळ असा आवाज झाला आणि दव उडालं. मी विचारलं, हे कशाला? तो म्हणाला, ओल पात्यावर बसून राहिली की बुरशी येते. पूर्वी ही काठी बांबूची असायची, आता फायबरची. यानंतर गवत कापायचं, आणि मग खळगा हलवायचा. चेंडू जातो तो सव्वाचार इंचाचा खळगा रोज दुसऱ्या जागी काढतात, म्हणजे एकाच जागचं गवत पायांनी मरत नाही. पाहुणे उठायच्या आत हे सगळं झालेलं असतं.

मी बराच वेळ बघत राहिलो असेन. त्यानं काठी माझ्यापुढे धरली. मी बूट काढायला वाकलो तर म्हणाला, राहू द्या, कडेलाच उभे राहा. काठी वाटली त्याहून हलकी होती. पहिल्यांदा फिरवली तर टोक नुसतंच गवतात रुतलं. तो म्हणाला, खांद्यानं नको, मनगटानं. मी काठी जरा तिरपी धरली आणि झटका दिला. थेंबांची एक चादर उठली, क्षणभर उन्हात दिसली आणि पलीकडे पडली. चंदेरी गवतात गडद हिरवा पट्टा उमटला. मी पुन्हा फिरवली, आणि पुन्हा. मागून गवत कापायच्या यंत्राचा आवाज आला, तेव्हा त्याची काठी त्याला देऊन मी बाजूला झालो.